किशोरवयातली दारू आणि पुढचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्याशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. दारूबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, विचारणारे तेवढे बदलतात. कधी आई असते, कधी थोरला भाऊ, कधी "मित्रासाठी विचारतोय" म्हणणारा सतरा वर्षांचा मुलगा. जसे येतात तसे, जवळपास त्याच शब्दांत ते इथे ठेवले आहेत. आत्ता समोर कोणी पिऊन निपचित पडलं असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न ७ वाचा.

१. मुलाने मित्रांबरोबर एकदा बिअर प्यायल्याचं कळलं. झालं का नुकसान?

नाही. एका बाटलीने यकृत खराब होत नाही की मेंदू आक्रसत नाही. पण चार गोष्टी शांतपणे विचारून घ्या: किती प्यायला, कोणाबरोबर, कशासाठी, आणि घरी कसा आला. चौथा प्रश्न बहुतेक पालक विसरतात. खाली दूरच्या आजारांबद्दल बरंच लिहिलं आहे, पण या वयात दारूने जीव जातो तो बहुधा त्याच रात्री: गाडीवर, पाण्यात, मारामारीत. मागे बसून आला असेल तर चालवणारा प्यायला होता का, हेही विचारा.

२. बिअर आणि वाइन म्हणजे काही "दारू" नव्हे ना?

शरीराला लेबल वाचता येत नाही. बाटली कुठलीही असो, आत इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल असतं. गणित सोपं आहे. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, शंभरने भागा आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणा, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम येतात. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये साडेनऊ. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर घेतली तर तब्बल ४१, म्हणजे चार पेगांहून जास्त. "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणाऱ्या मुलाला हे गणित स्वतः करायला लावा.

जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक प्रमाणित ड्रिंक धरते, ब्रिटनमधलं युनिट ८ ग्रॅमचं आहे आणि अमेरिकेतलं ड्रिंक १४ ग्रॅमचं. इंटरनेटवर "इतकी ड्रिंक्स चालतात" असं वाचाल तेव्हा ते कुठलं ड्रिंक आहे ते आधी बघा. आणि घरी ओतलेला पेग हा पेग नसतो. एका मुलाला मी पेल्यात पाणी ओतून त्याचा नेहमीचा "एक पेग" दाखवायला सांगितला. मोजपात्रात ओतल्यावर ते ७० मिली भरलं. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता.

३. मोठी माणसं पितात, मग मुलांनाच वेगळा नियम का?

कारण मुलांच्या मेंदूचं बांधकाम अजून चालू असतं. ते साधारण पंचविशीपर्यंत चालतं. या काळात मेंदू न लागणारे जोड छाटतो आणि लागणाऱ्या तारांवर वेगवान वहनासाठी चरबीयुक्त आवरण चढवतो. हे काम मागून पुढे सरकतं, त्यामुळे कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. थांबणं, परिणाम तोलणं, "आता पुरे" म्हणणं हे त्याच भागाचं काम. मौज आणि बक्षीस ओळखणारा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी जोरात धावू लागलेला असतो. गाडीला वेग आलेला आणि ब्रेक अजून बसवायचे, अशी ही अवस्था.

त्यात दारू पडली की काय होतं? तिचा परिणाम मेंदूला शांत करणाऱ्या आणि चेतवणाऱ्या अशा दोन्ही रासायनिक यंत्रणांवर होतो, आणि शिकणं व आठवणी साठवणं याच यंत्रणांवर चालतं. वारंवार भरपूर पिणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या तपासण्यांत करड्या द्रव्याची (जिथे मेंदूच्या पेशी आणि त्यांचे जोड असतात) घट वयाला शोभेल त्यापेक्षा वेगाने होताना आणि पांढऱ्या द्रव्याची (म्हणजे आवरण चढलेल्या तारांची) वाढ मंदावलेली दिसली आहे. फरक डोळ्यांत भरणारा नसतो. मुलगा पास होतो, खेळतो, हसतो. फक्त जितका पुढे जायचा तितका जात नाही, आणि ते मोजायला दुसरा तोच मुलगा कोणाकडे नसतो.

४. लवकर सुरू केलं की पुढे व्यसन लागतंच, हे खरं का?

"लागतंच" हा शब्द चुकीचा, "शक्यता वाढते" हे खरं. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात पिणाऱ्या किंवा पूर्वी पीत असलेल्या २७,६१६ लोकांची माहिती होती. पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं अवलंबित्व जडलं होतं. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. सुरुवात एकेक वर्ष पुढे गेली की धोका सुमारे १४ टक्क्यांनी उतरत होता.

आता दुसरी बाजू. ज्या घरात ताण आहे, मारझोड आहे, आधीच कोणी व्यसनी आहे किंवा मूल जात्याच बेधडक आहे, तिथे दारूही लवकर येते आणि व्यसनही. म्हणजे लवकर सुरुवात हे काही अंशी कारण आणि काही अंशी लक्षण. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही हेच दिसतं की या संबंधाचा मोठा वाटा सामायिक आनुवंशिकतेचा आणि घराचा असतो. मग सुरुवात लांबवून फायदा काय? माझ्या मते भरपूर. घर आणि जनुकं हातात नसतात, सुरुवातीचं वय थोडंफार असतं. आणि हेही लक्षात घ्या की त्याच आकडेवारीत, पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांतल्या निम्म्याहून अधिकांना अवलंबित्व जडलं नाही. चौदाव्या वर्षी प्यायलेल्या मुलाच्या कपाळावर "पुढे बेवडा होणार" असा शिक्का मारू नका. शिक्का बसला की मूल त्याप्रमाणे वागायला लागतं.

५. मी रोज पीत नाही. महिन्यातून एकदा पार्टीत पितो. त्याने काय होणार?

किशोरवयात पिण्याची पद्धत बहुतेक अशीच असते: रोज थोडी नाही, एकदाच पोटभर. अडचण तिथेच आहे. मेंदू आणि अवयवांना महिन्याची सरासरी कळत नाही, रक्तातली त्या रात्रीची पातळी कळते. साधारण दोन तासांत रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांवर नेणाऱ्या पिण्याला तज्ज्ञ अतिपान धरतात. मोठ्या पुरुषाला त्यासाठी पाच आणि बाईला चार अमेरिकी ड्रिंक्स लागतात. मुलींना तीन पुरतात, मुलग्यांना वयानुसार तीन ते पाच. प्रश्न २ मधल्या स्ट्राँग बिअरचा हिशोब इथे लावून पाहा: एक बाटली म्हणजेच जवळपास तीन अमेरिकी ड्रिंक्स.

६. रात्री काय झालं ते मुलाला आठवतच नाही. नाटक करतोय का?

बहुधा नाही. याला ब्लॅकआउट म्हणतात आणि बेशुद्धीशी त्याची गल्लत करू नये. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, फोन लावतो, पण मेंदूचा आठवणी नोंदवणारा भाग बंद पडलेला असतो. जे लिहिलंच गेलं नाही ते सकाळी वाचणार काय? म्हणून "आठव, आठव" म्हणून दरडावून उपयोग नसतो.

असं एकदा जरी झालं तरी त्याला मी गंभीर समजतो. रक्तातली पातळी झपाट्याने चढली, म्हणजे भरभर किंवा रिकाम्या पोटी प्यायला, याचा तो पुरावा असतो. एका मुलाने मला सांगितलं होतं की सकाळी तो स्वतःच्याच फोनमधले फोटो बघत होता, एखाद्या अनोळखी माणसाचे बघावेत तसे. त्यातल्या एका फोटोत तो गच्चीच्या कठड्यावर बसलेला होता.

७. मित्र पिऊन पडलाय, उठत नाही. झोपू द्यावं का?

नाही. "झोपू दे, उतरेल" या वाक्याने जीव गेले आहेत. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरत राहते, आणि यकृत तासाला साधारण एका ड्रिंकएवढंच अल्कोहोल हटवू शकतं. म्हणजे झोपेतही पातळी वर जाऊ शकते.

हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल; मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड पडत असेल; ओठ-नखं निळसर, अंग गार पडलं असेल; झटके येत असतील; शुद्ध नसताना उलटी होत असेल: यांतलं एकही लक्षण पुरे. लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा आणि तोंड किंचित खाली झुकू द्या, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. एकट्याला सोडू नका. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोटं घालून उलटी, फेऱ्या मारायला लावणं, यांतलं काहीही करू नका. घरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघता येईल.

८. माझा मुलगा कितीही प्यायला तरी त्याला चढत नाही. म्हणजे त्याला झेपते ना?

दारू "पचवणारा" म्हणून मित्रांत भाव मिळतो, पण डॉक्टरच्या दृष्टीने ही धोक्याची खूण आहे. ज्यांना सुरुवातीपासून कमी चढते, त्यांना पुढे व्यसन लागण्याचा धोका अधिक असल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. थांबायची घंटाच वाजत नाही, म्हणून ते जास्त पितात. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं आढळलं की वाढीच्या वयात दारूने येणारी गुंगी आणि झोकांड्या कमी, पण स्मरणशक्तीवरचा मार जास्त. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पिणाऱ्यांचंही हेच होतं. कॅफीनने झोप उडते, अल्कोहोल तेवढंच राहतं.

९. यकृत खराब व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. आत्ताच कशाला चिंता?

लागतात, पण मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीसाठी आलेल्या ४३,२९६ तरुणांना त्यांच्या पिण्याबद्दल विचारलं गेलं होतं. बहुतेक जण १८ ते २० वर्षांचे. जवळजवळ चार दशकांनंतर नोंदी तपासल्या तेव्हा ३८३ जणांना गंभीर यकृतविकार झालेला होता, आणि तरुणपणी जितकी जास्त दारू तितका धोका जास्त, अशी सरळ चढण दिसली. यातही खोच आहे: विशीत पिणारा पुढेही पीत राहतो, त्यामुळे सगळा दोष त्या दोन वर्षांवर टाकता येत नाही. पण सवय तिथेच बसली.

१०. दारूने कॅन्सर होतो हे जरा अती नाही का?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूही त्याच गटात आहे. (एकाच गटात म्हणजे धोका सारखाच, असं नव्हे. गट पुराव्याच्या भक्कमपणावरून ठरतो.) तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध पक्का आहे. शरीर इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. सिगारेटची जोड मिळाली तर तोंड-घशाचा धोका नुसत्या बेरजेहून बराच जास्त वाढतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. पहिली पाळी ते पहिलं बाळंतपण या काळात स्तनातल्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पूर्ण पक्व झालेल्या नसतात. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात, या काळात रोजच्या सरासरी दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

११. मुलींना लवकर चढते, ते खरं का?

हो. तेवढ्याच वजनाच्या मुलापेक्षा मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तीच दारू कमी पाण्यात विरघळते आणि रक्तातली पातळी वर जाते. मुलग्यांच्या बरोबरीने पेले रिचवण्याच्या पैजेत मुलगी आधीच हरलेली असते. बाकीचं प्रश्न ५ आणि १० मध्ये आलं आहे.

१२. थोडी दारू हृदयाला चांगली असते ना?

ही समजूत ज्या जुन्या अभ्यासांवर उभी होती, त्यांत "न पिणाऱ्यां"मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. त्यांच्या तुलनेत थोडी पिणारा ठणठणीत दिसणारच. ही चूक दुरुस्त केल्यावर तो फायदा बराचसा विरून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की आरोग्याला निर्धोक अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलाला हृदयासाठी औषध हवंय कशाला?

१३. बाहेर लपून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर दिली तर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणारे बहुतेक समंजस, मुलांशी मैत्रीने वागणारे पालक असतात. त्यामागचा तर्क मला कळतो. पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा झाला. पालकांनी दिलेल्या दारूने अतिपान किंवा त्रास कमी झाल्याचं काही दिसलं नाही. उलट अशा मुलांना पुढच्या वर्षी बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली. मुलाला कळतं ते एवढंच की परवानगी आहे, "आमच्यासमोर" ही अट तो रस्त्यात गाळून टाकतो.

"मग काय, पिणारच आहेत" असं हात टेकून बसायचंही कारण नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. नुसत्या व्याख्यानांनी नव्हे. रात्री मुलं बाहेर राहण्याच्या वेळा ठरल्या, खेळ आणि कलेसाठी पैसे मिळाले, पालकांनी आपसात करार केले आणि मुलांबरोबर जास्त वेळ घालवला.

१४. एका घोटातच मुलीचा चेहरा लालबुंद होतो. अ‍ॅलर्जी आहे का?

बहुधा अ‍ॅलर्जी नाही. काही जणांत अ‍ॅसिटाल्डिहाइडचा (प्रश्न १०) निचरा करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमजोर असतं. ते साचतं म्हणून चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हे बरंच आढळतं. असे लोक पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका त्यांना विशेष. लाली झाकायला आधी गोळी घेऊन पिण्याची युक्ती मुलांमध्ये फिरत असते. तिने लाली जाते, विष तिथेच राहतं. अंगावर गांध्या उठणं किंवा श्वासाला त्रास होणं ही वेगळी बाब आहे, ती डॉक्टरांना दाखवा.

१५. औषधं चालू असताना एखादवेळ चालेल का?

झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांबरोबर दारूने श्वास मंदावू शकतो, हे मिश्रण जीवघेणं आहे. फिट्सच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाची साखर काही तासांनी, झोपेत, धोकादायकपणे उतरू शकते आणि बघणाऱ्यांना वाटतं की हा प्यायलाय. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्या मुलांची काळजी मला आणखी वेगळी वाटते. दारू मनावरचा लगाम सैल करते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं प्यायलेल्या तोंडून आलं तरी ते खरं धरा, त्याच दिवशी मदत घ्या.

१६. मुलगा रोज पितो आणि आता सोडतो म्हणतोय. आजपासून एकदम बंद करू का?

रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. काही तासांत हात थरथरणं, घाम, अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन-तीन दिवसांनी भास-भ्रमाची गंभीर अवस्था येऊ शकते. किशोरवयात हे विरळ, पण शक्य. डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं देऊन सोडवली तर हाच काळ सुरक्षित जातो. आठवड्यातून एखादवेळ पिणाऱ्याला मात्र ही भीती नाही, त्याने आजच बंद करावं.

१७. मी चौदा ते अठरा भरपूर प्यायलो. आता बावीस, वर्षभर बंद आहे. झालेलं भरून येतं का?

बरंच. यकृतात नुसती चरबी साचली असेल तर ती काही आठवड्यांत उतरू लागते. सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यापर्यंत गेलेले व्रण मात्र सहसा पुरते जात नाहीत. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका दारू कमी केल्याने किंवा सोडल्याने घटतो, याला पुरेसा पुरावा असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२३ साली नोंदवलं. झोप, लक्ष, स्मरणशक्ती सुधारते. मेंदूचं बांधकाम तुमच्या वयात अजून थांबलेलं नाही (प्रश्न ३), ते इथे तुमच्या बाजूने आहे.

"यकृताची रक्ततपासणी नॉर्मल आली, म्हणजे काहीच झालं नव्हतं" असं काहीजण धरून चालतात. ती तपासणी मेंदूबद्दल काही सांगत नाही आणि यकृताची सुरुवातीची बिघाडही तिच्यातून निसटू शकते.

१८. आमच्या घराण्यात दारू आहे, आणि मी स्वतःही पितो. मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?

व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. तेव्हा तुमच्या मुलाला हे सांगणं इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे, आणि ते सांगायला तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. आजोबांचं काय झालं, काकांचं काय झालं, तुम्ही कितव्या वर्षी सुरू केलीत, सोडायचा प्रयत्न कितीदा केलात, हे जसंच्या तसं सांगा. उपदेशाची प्रस्तावना नको. न प्यायलेल्या दिवशी बोला, समोरासमोर बसून नव्हे, तर कुठेतरी शेजारी चालताना. मग त्याला एकच विचारा: तुम्ही प्यायलेले असता तेव्हा त्याला काय दिसतं. तो बोलत असताना मध्ये तोंड उघडू नका, चूक सांगत असला तरी.